नाव तेच ठेवू

सहकारनगरमधल्या आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा झाली, तेव्हा बिल्डरकडून आलेल्या तरुणाने पहिल्याच स्लाइडवर ठळक अक्षरांत लिहून आणलं होतं : ‘सोसायटीचं नाव तेच राहील.’ बाकी सगळं जाणार होतं. आवारातली बकुळ जाणार होती, बाल्कन्या जाणार होत्या, जिन्याचा तो गार, अंधारा टप्पा जिथे मे महिन्यात आम्ही पत्ते कुटायचो, तोही जाणार होता. तीन मजल्यांच्या जागी बारा उभे राहणार होते. पण नाव तेच राहणार म्हटल्यावर ज्येष्ठ सभासदांचे चेहरे असे खुलले, की त्या मुलाने पुढच्या पंधरा स्लाइड निवांत काढल्या. पार्किंगवरून भांडणं झाली ती नंतर.

गच्ची रिकामी करायचं काम माझ्यावर आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकांवर आलं. पाण्याच्या टाकीमागे, गंजलेल्या पाइपला तारेने आवळलेला एक अँटेना निघाला. दोन आडव्या दांड्या गळून गेलेल्या, तोंड मात्र अजून नैर्ऋत्येला, सिंहगडाकडे. पुण्यात टीव्ही आला तो सत्तरच्या दशकात, सिंहगडावरच्या मनोऱ्यामार्फत. मुंबई दूरदर्शनचं प्रक्षेपण तिथून शहरात उतरायचं, त्यामुळे एके काळी सगळ्या पुण्याचे अँटेने गडाकडे तोंड करून उभे असायचे. काकांनी अँटेना धरला, किंचित फिरवला आणि सवयीने कठड्यावरून खाली वाकून विचारलं, “आलं का?” खाली पार्किंगमध्ये कुणीच नव्हतं.

जुन्या मालिकांचे रिमेक हा आमच्या वयाच्या लोकांचा किडका दात आहे. जीभ सारखी तिथेच जाते. २००८ साली रामायण पुन्हा झालं, तेही सागरांच्याच संस्थेकडून. त्याच वर्षी एकता कपूर यांचं महाभारत ‘नाइन एक्स’ वाहिनीवर आलं. त्यात द्रौपदीच्या खांद्यावर टॅटू दिसला, आणि ज्या घरांनी ८८ सालचं महाभारत रविवारी सकाळी अंघोळी उरकून पाहिलं होतं त्यांनी चॅनेल बदललं. काही महिन्यांत ती मालिका गुंडाळली गेली. २०१७ साली ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’मधलं कुटुंब वेबवर परतलं. नटसंच जवळजवळ तोच, तरी हसू म्हणावं तसं फुटेना. त्याच वर्षी ‘हम पांच’चा नवा अवतार आला आणि गेला. तिकडे अमेरिकेत २०२१ साली ही-मॅन नव्याने आला. त्यात ही-मॅन पहिल्याच भागात बाजूला पडला आणि त्याची साथीदार टीला मध्यभागी आली, यावरून चाळिशीतल्या बाप्यांनी असा कालवा केला की जणू घरातला कुणी कर्ता गेला. दरवेळी तक्रार एकच : आमच्या बालपणाची माती केली.

ही तक्रार मीही भरपूर केली आहे. ‘साराभाई’च्या नव्या भागांबद्दल मी एका लग्नात, पंगतीत, अनोळखी माणसाशी अर्धा तास बोललो आहे. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते या तक्रारखोर जमातीच्या आतून लिहितो आहे. माझं म्हणणं असं की, आपली निराशा खरी असली तरी आपण ती चुकीच्या खिडकीवर नोंदवतो. आपण म्हणतो, त्यांनी आम्हाला विचारात घेतलं नाही. मला उलटं वाटतं. त्यांनी आपल्यालाच फार विचारात घेतलं. मुलांची गोष्ट पुन्हा करायला घेतात आणि करताना डोळ्यांसमोर पंचेचाळिशीतला, हप्ते फेडणारा, हळवा झालेला गृहस्थ ठेवतात. मग ती गोष्ट मुलांची राहत नाही आणि आपलीही होत नाही.

पुण्यात राहून या विषयावर लिहायचं तर फास्टर फेणेला टाळून पुढे जाता येत नाही. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे. गाव फुरसुंगी, शिकायला पुण्यात विद्याभवन शाळेत, अंगाने काडी, बुडाखाली सायकल आणि तोंडात तो ‘ट्टॉक’. माझ्या पिढीने त्याला आधी पुस्तकात आणि मग दूरदर्शनवर पाहिला. ८७च्या सुमाराला सुमीत राघवनने तो केला होता. आमच्या वाड्यावजा चाळीत त्या दिवसांत सायकल नीट उभी करणारा एकही मुलगा नव्हता. सगळे चालत्या सायकलवरून उडी मारून तिला भिंतीवर सोडून द्यायचे. (फुरसुंगीचं नाव पुढे कचरा डेपोमुळे वर्तमानपत्रात येऊ लागलं. आज कुणाला फुरसुंगी म्हटलं तर फेणे आठवत नाही, कचऱ्याच्या गाड्या आठवतात, नाहीतर आयटी पार्क.)

२०१७ साली त्याच्यावर चित्रपट आला. आदित्य सरपोतदार दिग्दर्शक, अमेय वाघ फेणे, गिरीश कुलकर्णी खलनायक. आणि स्वतः भा. रा. भागवतांच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर, ही तर खासच युक्ती. चित्रपट चांगला आहे, हे आधीच सांगतो. गतिमान आहे, पुणं त्यात पुण्यासारखं दिसतं, गिरीश कुलकर्णींचा आप्पा अंगावर येतो. मी मुलीला घेऊन गेलो होतो. ती तेव्हा सात वर्षांची. आदल्या उन्हाळ्यात मी तिला फेणेची तीन पुस्तकं वाचून दाखवली होती आणि ती घरात कारण नसताना ‘ट्टॉक’ करत हिंडायची. पडद्यावर फेणे आला. उंचापुरा, कॉलेजच्या वयाचा, वैद्यकीय प्रवेश परीक्षेला आलेला. पुढे त्या परीक्षांमधला गैरव्यवहार, एका मुलाचा मृत्यू, त्यामागचं गूढ. मध्यंतरात पॉपकॉर्न हातात घेऊन तिने विचारलं, “बाबा, पण तो शाळेत असतो ना?”

मी तिला काय सांगणार? खरं उत्तर असं होतं की, बाळ, तो शाळेत असता तर तिकीट कुणी काढलं असतं? फेणे वाचलेली पिढी मोठी झाली, म्हणून फेणेलाही मोठं व्हावं लागलं. आपल्या मुलांना प्रवेश परीक्षेला बसवणाऱ्या आईबापांच्या पोटातली भीती त्याच्या कथेत घालावी लागली. चित्रपट म्हणून हा निर्णय चुकला असं मी म्हणत नाही, त्याचं कौतुकही झालं. पण एक हिशेब कुणी मांडला नाही. दहा वर्षांच्या मुलांच्या हक्काचा एक मुलगा आम्ही मोठ्यांनी उचलून आमच्याकडे आणला आणि त्या जागी दुसरा ठेवला नाही.

‘चिंटू’चं उदाहरण याच्या शेजारी ठेवून बघा. १९९१पासून ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर ती चित्रमालिका करायचे. २०१२ साली श्रीरंग गोडबोलेंनी चित्रपट केला तेव्हा चिंटू लहानच राहिला आणि त्याची गँगही लहानच राहिली. रोज सकाळी पेपर उघडून आधी चिंटू वाचणारे आमच्यासारखे लोक तो पाहून ‘ठीक आहे’ म्हणत बाहेर पडले. पोरं मात्र खूश होती. आपलं ‘ठीक आहे’ ही त्या चित्रपटाची मला मोठी पावती वाटते.

आता आठवणीबद्दल. आपण ज्याला मालिका म्हणून कवटाळून बसलोय, त्यात मालिका किती आणि रविवार किती, हे कधीतरी प्रामाणिकपणे तपासायला हवं. ‘गोट्या’ म्हटलं की मला आठवतं ते अशोक पटकींच्या चालीतलं शीर्षकगीत, शेजारच्या काकूंच्या घरातला शटरचा टीव्ही, सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलेली सोळा-सतरा मुलं आणि नेमक्या वेळी येणारी ‘व्यत्यय’ची पाटी. गोट्याने नक्की काय काय केलं हे विचाराल तर दोन प्रसंग सांगेन, तिसऱ्याला अडखळेन. रिमेक करणारा फक्त गोट्या पुन्हा करू शकतो, ती सतरंजी कुठून आणणार? तेव्हा त्याच्याकडून आपण जे मागतोय ते देणं कुणाच्याच हातात नाही, ही गोष्ट आपल्या रागात कुठेच धरलेली नसते.

मूळ मालिकाही आपण आठवतो तशा नव्हत्या. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि दूरदर्शनने रामायण पुन्हा लावलं, रोज सकाळी आणि रात्री. एका दिवशी ७ कोटी ७० लाख लोकांनी ते पाहिलं असा दावा दूरदर्शनने केला आणि त्या आकड्यावरून वादही झाला. आकडा बाजूला ठेवा, आमच्या घरापुरतं सांगतो. आई हात जोडून बसायची. मी मनातल्या मनात पुढचे संवाद म्हणायचो. दहा वर्षांची मुलगी सोफ्याच्या पाठीवर बसून बघायची. युद्ध सुरू झालं. दोन्हीकडून बाण निघाले, आकाशात सावकाश समोरासमोर आले, थबकले, ठिणग्या उडाल्या. मुलगी म्हणाली, “आजी, बाण एवढे हळू का जातात?” आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, “देवाचे आहेत. त्यांना कसली घाई?”

मला दोघींचंही पटलं. बाण हळू होते हे खरं. पण त्या संथपणात काहीतरी होतं जे नव्या आवृत्त्यांना साधलं नाही, हेही खरं. इथे मला चाहत्यांची बाजू घ्यायची आहे. कारण ‘तुम्ही नुसते स्मरणरंजनात रमलेले म्हातारे होत चाललेले लोक’ असं म्हणून त्यांना उडवून लावणं फार सोपं झालं आहे. टीव्हीच्या कार्यक्रमांची समीक्षा मराठीत जवळजवळ होतच नाही. नाटकाला परीक्षण मिळतं, चित्रपटाला तारे मिळतात, मालिकेला फक्त टीआरपी. अशा वेळी एखादा माणूस उठून म्हणतो की पूर्वी पात्रं एकमेकांशी बोलायची, आता कॅमेऱ्याकडे बघून दचकतात, तर तो कारागिरीबद्दल बोलतोय. त्याला शब्द ‘बालपण’ हा सुचतो, एवढंच.

आणि कारागिरीत खरोखर फरक पडला आहे. त्याची कारणं भावनेत शोधायची गरज नाही, वेळापत्रकात सापडतात. दूरदर्शनच्या काळातली मालिका आठवड्याला एक भाग अशी यायची आणि पुष्कळदा तेरा भागांत संपायची. मागे बहुधा एखादं पुस्तक असे. चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी उभे केले. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या राजदत्तांनी पडद्यावर आणला. शंकर नाग यांनी आर. के. नारायण यांच्या कथांवर ‘मालगुडी डेज’ केली, तिची रेखाटनं त्यांचे भाऊ आर. के. लक्ष्मण यांची. लक्ष्मण उतारवयात आपल्या पुण्यातच राहिले. पुढे खासगी वाहिन्या आल्या तरी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आठवड्यातून एकदाच यायची, तीही प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या सदरावर बेतलेली. लेखकाला भाग लिहायला सात दिवस मिळायचे आणि प्रेक्षकाला तो चघळायला सात दिवस. सोमवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत आम्ही तो भाग पुन्हा करायचो. डबा उरलेला असायचा आणि घंटा व्हायची.

आताचं गणित निराळं. सोमवार ते शनिवार रोज एक भाग, म्हणजे वर्षाकाठी तीनशेच्या आसपास. ताम्हनकरांच्या गोट्याला रोज रात्री साडेआठला आणायचं ठरवलं तर पहिल्याच महिन्यात पुस्तक संपेल. मग त्याच्या घरात कारस्थान करणारी आत्या आणावी लागेल. दुसऱ्या महिन्यात तिला मंगळागौरीला भरजरी साडी नेसवावी लागेल. सहाव्या महिन्यात गोट्याची स्मृती जाईल. मी गंमत करत नाही, रोजची मालिका लिहिणाऱ्या कुणालाही विचारा. पाणी घालतात ते हौस म्हणून नव्हे, पातेलं मोठं आहे म्हणून. संथपणा आणि लांबण यांतला फरक प्रेक्षकाला शब्दांत सांगता येत नसेल, जाणवतो मात्र बरोबर. पूर्वी एखादं पात्र गप्प बसलं तर ते विचार करत असायचं. आता गप्प बसतं तेव्हा तीन कोनांतून त्याचा चेहरा दिसतो, वीज कडाडते आणि जाहिरात लागते.

मग एवढं करून जुनंच नाव का घेतात? तर आयतं मिळतं म्हणून. नवी मालिका लोकांना समजावून सांगावी लागते. जुनी सांगावी लागत नाही. नुसतं शीर्षकगीताचं सुरुवातीचं संगीत वाजवलं की अर्धी जाहिरात झाली. त्या बिल्डरच्या स्लाइडवरचं वाक्य मला म्हणूनच विसरता येत नाही. नाव ठेवायला त्यांना काहीच खर्च नव्हता.

यावर कुणी म्हणेल, जुन्याला हात लावूच नका, हाच उपाय. हे तर मला मुळीच मान्य नाही, आणि मराठी माणसाने तरी असं म्हणू नये. आपली रंगभूमी जगलीच आहे ‘नव्या संचात’ या दोन शब्दांवर. पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातींत ते शब्द वाचून कुणी कधी बालपण बुडाल्याची ओरड केली नाही. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली आलं, खाँसाहेब वसंतराव देशपांडे. पुढे त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी तीच भूमिका रंगमंचावर केली. २०१५ साली सुबोध भावे यांनी चित्रपट केला, त्यात खाँसाहेब सचिन पिळगावकर झाले. प्रत्येक वेळी जुन्याजाणत्यांनी माना हलवल्या, ‘वसंतराव ते वसंतराव’ म्हणाले आणि तिकीट काढून गेले. चित्रपटानंतर माझ्या ओळखीतल्या दोन पोरांनी गाण्याचा क्लास लावला.

त्याहून जुनं आणि खास इथलं उदाहरण गीतरामायणाचं. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत गेलं आणि पुढे दर आठवड्याला एक अशी ५६ गीतं झाली. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं, म्हणजे बाबूजींचं, संगीत. पण मूळ प्रसारणात ती वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती : माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, राम फाटक. आज ‘गीतरामायण’ म्हटल्यावर कानात येतो तो एकट्या बाबूजींचा आवाज, नंतरच्या कार्यक्रमांतला, ध्वनिमुद्रिकांतला. म्हणजे ज्याला आपण मूळ समजून जपतो तीच दुसरी आवृत्ती आहे. ५५ साली रेडिओपुढे बसून ऐकलेल्या एखाद्या आजीला ती आवृत्ती ‘पूर्वीसारखी नाही’ वाटलीही असेल. तिचं कुणी ऐकून घेतलं नाही, हे बरंच झालं.

तेव्हा पुन्हा करण्याला माझा विरोध नाही. कुणासाठी करता, एवढंच विचारायचं आहे. नाटकाला ते ठाऊक असतं, कारण समोर माणसं बसलेली असतात. कधीकधी टीव्ही-सिनेमावाल्यांनाही बरोबर साधतं. १९९३च्या सुमाराला दूरदर्शनवर लागणारं मोगलीचं कार्टून मूळ जपानी. आपलं त्यातलं होतं ते गुलजार-विशाल भारद्वाज यांचं चड्डीतल्या फुलाचं गाणं आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. २०१६ साली हॉलिवूडचा ‘जंगल बुक’ आला. भारतातल्या जाहिरातीसाठी त्यांनी तेच गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित करून घेतलं आणि हिंदी आवृत्तीत शेरखानला परत नानाच आणले. चित्रपट होता आजच्या मुलांचा, त्यांच्या डोळ्यांना हवा तसा. आपल्याला दिली एक चिमूट, जिभेवर. मी त्या थिएटरात नानांचा पहिला शब्द ऐकून शहारलो होतो, आणि माझी सहा वर्षांची मुलगी वाघ बघून. दोघांना एकाच क्षणी, वेगवेगळ्या कारणांनी.

मुलांच्या बाजूने पाहिलं तर मूळ आणि रिमेक हा भेदच उरत नाही. २०१३चं ‘स्टार प्लस’वरचं महाभारत आमच्या घरातल्या भाचरांचं महाभारत आहे. त्यांना नितीश भारद्वाज यांचा कृष्ण दाखवला तर ते नम्रपणे बघतात, जसं आपण आजोबांच्या लग्नाचा फोटो बघतो. ‘मोटू-पतलू’ ही ‘लोटपोट’ मासिकातली जुनी जोडी हे किती मुलांना माहीत आहे? आणि डोरेमॉन. जपानी टीव्हीवर तो पहिल्यांदा १९७३ला आला, मग १९७९ला नव्याने, मग २००५ला पुन्हा नव्याने, वेगळ्या आवाजांत. माझी मुलगी आता पंधरा वर्षांची आहे. परवा शेजारचं पिल्लू टीव्हीसमोर डोरेमॉन बघत होतं, तर ही जाता जाता थांबली, दोन मिनिटं पाहिलं आणि तोंड वाकडं करून म्हणाली, “शी. आमच्या वेळचा डोरेमॉन किती भारी होता.” आमच्या वेळचा! मी तिला ७३चा आणि ७९चा इतिहास सांगायला लागलो, पण तिने हेडफोन घातले.

‘रिमेक केल्याने मूळ थोडंच पुसलं जातं?’ असा एक सांत्वनपर युक्तिवाद नेहमी केला जातो. इंग्रजी मालिकांबाबत तो बराचसा लागू आहे, तिकडे जुने भाग विकत मिळतात. आपल्याकडे तो लंगडा पडतो, कारण आपल्याकडे मूळ खरोखर पुसलं गेलं आहे. अगदी शब्दशः. त्या काळात व्हिडिओ टेप महाग होती, म्हणून जुनं पुसून त्याच टेपवर नवं घेत. हे एकट्या दूरदर्शनचं पाप नाही. बीबीसीनेही तेच केलं, आणि म्हणून ‘डॉक्टर हू’ या त्यांच्या लाडक्या मालिकेचे साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग हरवले. पण तिथे लोकांनी त्यासाठी जंग जंग पछाडलं आणि थेट नायजेरियातून काही भाग शोधून आणले. आपण काय केलं? मी गेल्या वर्षी लहानपणीच्या पाच-सहा मराठी मालिका शोधायला बसलो. काहींचं नुसतं शीर्षकगीत मिळालं. एकीची प्रत कुणाच्या तरी व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेली, चेहरे हिरवे, मधेच कुणाच्या तरी मुंजीचं चित्रण. मुंज मात्र स्वच्छ होती.

चित्रपटांसाठी पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पी. के. नायर नावाच्या माणसाने आयुष्य घालून दारोदार फिरून रिळं गोळा केली, म्हणून फाळके आज आपल्याला बघता येतात. टीव्ही मालिकांना असा नायर मिळाला नाही. दूरदर्शनने आपल्या संग्रहातलं काही खुलं केलं आहे, त्याबद्दल त्यांना धन्यवाद. पण नव्वदच्या दशकानंतरच्या खासगी मालिकांचं काय झालं, कुणाकडे मूळ टेप आहेत, हक्क कुणाचे, निर्मात्याच्या वारसांना तरी ठाऊक आहे का? बऱ्याच जणांची कार्यालयं उठली, वाहिन्यांची नावंच बदलली. ‘अल्फा मराठी’ म्हटलं तर माझी मुलगी विचारते ते काय असतं.

तर आपली सगळी ताकद आपण नव्या मालिकेला शिव्या घालण्यात घालवतो त्याऐवजी थोडी इथे लावावी असं मला वाटतं. एखादी वाहिनी जुन्या मालिकेचं नाव पुन्हा वापरते आहे, तर तिने आधी मूळ भाग स्वच्छ करून, नीट प्रतीत, लोकांना बघायला द्यावेत. नाव तुम्हाला फुकट मिळालं ना, मग एवढं भाडं भरा. आपल्याला आपलं मिळेल, आणि मग नवी मालिका बनवणाऱ्याच्या मानगुटीवरून आपण उतरू. त्याला मोकळेपणाने आठ-दहा वर्षांच्या पोरांसाठी काहीतरी करता येईल. ते आपल्याला आवडणार नाही. न आवडो. पस्तिशीच्या पुढच्या सगळ्यांना आवडलेला बालकार्यक्रम मला तरी संशयास्पद वाटतो.

रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’त सत्तरच्या दशकात चेटकीण व्हायचे ते दिलीप प्रभावळकर. २०१८ला चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनात ते नाटक पुन्हा आलं तेव्हा चेटकीण होते वैभव मांगले. कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात आम्ही गेलो. रविवार, दुपारचा प्रयोग, बाल्कनीसुद्धा भरलेली. नाट्यगृहात मोठ्यांपेक्षा खुर्चीवर उभी राहिलेली मुलं जास्त. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा होते, स्वेटर घातलेले, नातीला घेऊन आलेले. चेटकीण पहिल्यांदा आली, स्वतःच्या हुशारीचं कौतुक करू लागली आणि सगळं नाट्यगृह तिच्याबरोबर ओरडायला लागलं. आजोबा शेजारच्या बाईंकडे झुकून म्हणाले, “आम्ही प्रभावळकरांची पाहिलीय. ती मजा नाही.”

नात खुर्चीवर उभी होती. तिने वळूनही न बघता हात मागे केला आणि त्यांच्या तोंडावर ठेवला. “आजोबा, श्शू. ती बघतेय आपल्याकडे.”